घर बांधायला काढताय? स्क्वेअर फुटाच्या दराआधी अंदाजपत्रक करा

मोजपट्टी

दिवाळी उरकली की बांधकामाचा हंगाम सुरू होतो आणि प्रश्नही ठरलेला असतो, "सध्या स्क्वेअर फुटाला काय दर चाललाय?" दर कळला की माणूस मोबाइलवर गुणाकार करतो, आलेल्या आकड्यावर कर्ज काढतो आणि पायवा खोदायला घेतो. मी खासगी बांधकामांची अंदाजपत्रकं करतो, मोजमापं घेतो. या एका गुणाकारापायी अडकलेली घरं सांगली-मिरज भागात कितीतरी दिसतात. स्लॅब झालाय, विटकाम झालंय, पण गिलावा नाही, खिडक्यांना पोती लावलेली, आणि कुटुंब भाड्याच्या घराचं भाडंही भरतंय आणि बँकेचं व्याजही. हे टाळता येतं, म्हणून सविस्तर लिहितोय. आपापल्या भागातले अनुभव जरूर घाला.

सगळ्यात आधी, दर म्हणजे कशाकशाचा दर, ते विचारा. एक ठेकेदार १८०० म्हणतो, दुसरा २१००. (आकडे समजण्यापुरते आहेत, गावोगावी वेगळे असतात.) १८०० वाल्याच्या दरात कंपाउंडची भिंत, सेप्टिक टाकी, जमिनीखालची पाण्याची टाकी, जोत्यातला मुरूम भराव, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ग्रिल आणि बाहेरचा रंग यातलं काय काय आहे? बहुतेक वेळा यातलं निम्मं नसतं, आणि ते नाही हे मालकाला गिलाव्याच्या वेळी कळतं. मग फूट कुठला? मालकाच्या डोक्यात १००० फुटांचं घर असतं. ठेकेदार स्लॅब मोजतो, त्यात बाल्कनी आली, छज्जे आले, जिन्यावरची खोली आली. मोजणी ११८० भरते. १८०० च्या दराने हा फरकच ३ लाख २४ हजारांचा. इथे ठेकेदार फसवतोय असं नाही, आधी लिहून घेतलं नाही इतकंच.

अंदाजपत्रकात प्रत्येक बाबीपुढे परिमाण आणि दर असे दोन स्वतंत्र रकाने असतात. परिमाण नकाशावरून निघतं, बाजार चढला-उतरला तरी ते हलत नाही. दर हलतो. काम चालू असताना खर्च वाढला तर कुठला रकाना वाढला ते लगेच दिसतं. सळईचा भाव वाढला असेल तर कोणाशी भांडून उपयोग नाही. सळईचं वजन वाढलं असेल तर मात्र साइटवर जाऊन विचारलं पाहिजे.

एक उदाहरण नीट बघा. १००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब. काँक्रीट झालं ४१७ घनफूट, म्हणजे ४ ब्रासच्या थोडं वर (ब्रास म्हणजे १०० घनफूट). घनमीटरमध्ये ११.८. एम-२० ला, म्हणजे सिमेंट, वाळू, खडीच्या १ : दीड : ३ मिश्रणाला, घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट धरा. नुसत्या स्लॅबला ९५ च्या आसपास पोती लागली, बीम वेगळे. आता सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा आणि टेकू) लागलंय, सळई बांधून झालीय आणि कोणीतरी नातेवाईक येऊन म्हणतो, "एक इंच वाढवा हो, मजबूत होईल." तो एक इंच म्हणजे ८३ घनफूट काँक्रीट, १९ पोती सिमेंट, आणि त्याच बीम-कॉलमवर जवळजवळ ६ टन जादा वजन, जे डिझाइनमध्ये धरलेलंच नाही. खर्च वाढला आणि मजबुती कमी झाली. असे निर्णय आरसीसी (सळईच्या काँक्रीटच्या) डिझायनरला विचारल्याशिवाय घेऊच नका.

चौरस फुटाला ०.४ पोतं सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई हा ठोकताळा सगळेच सांगतात. तयार झालेलं अंदाजपत्रक ताडून बघायला तो चांगला आहे. माल मागवायला वापरू नका. ठोकताळ्याला तुमच्या घराचे गाळे (दोन आधारांमधलं अंतर) किती रुंद आहेत आणि जमीन कशी आहे हे माहीत नसतं.

---

पूर्णाकाठ

जमिनीचा विषय काढलात म्हणून लिहितो. आमच्या अकोल्याकडे अंदाजपत्रक बुडतं ते पायव्यातच. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. वर चार फुटांवर मुरूम लागेल असं धरून हिशेब केला आणि दहा फूट गेलं तरी मातीच, असं हमखास होते. मग कोणी अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवलेले खोल काँक्रीटचे खांब) सुचवतं, कोणी राफ्ट (अख्ख्या घराखाली एकच काँक्रीटचा थर), आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

माझं सांगणं एकच आहे. नकाशा करायच्या आधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे घ्या. एका दिवसाचं काम आहे. मुरूम किंवा खडक किती खोल आहे ते डोळ्यांनी बघा, डिझायनरलाही दाखवा, मगच फुटिंगचे (कॉलमखालच्या पायाचे) आकडे लिहा. शेजाऱ्याच्या पायव्यावरून आपला ठरवू नका, ३० फुटांवर माती बदलते.

---

चिऱ्याचं_घर

चिपळूणहून. आमच्याकडे दोन गोष्टी अंदाजात धरल्याच जात नाहीत. पहिली वाहतूक. वाडीत घर, रस्ता अरुंद आणि चढाचा, ट्रक वरच्या पाणंदीला थांबतो. तिथून चिरा (जांभा दगड), वाळू, खडी, सिमेंट सगळं डोक्यावरून किंवा छोट्या टेम्पोने उतरवायचं. चिरा खाणीवर स्वस्त वाटतो, जाग्यावर पडेपर्यंत त्याचा भाव वेगळाच झालेला असतो. त्यामुळे दर विचारताना "जाग्यावर पोच" असाच विचारा.

दुसरी पाऊस. जूनच्या पहिल्या आठवड्यात काम थांबतं, ते गणपती होऊन पुढे नवरात्रापर्यंत. मे अखेरीस स्लॅब झाला नाही तर चार महिने सगळं उघड्यावर. सळई गंजते, उरलेलं सिमेंट दगड होतं, मजूर गावी गेलेले परत येतीलच असं नाही. आमच्याकडे अंदाजपत्रकाला कॅलेंडर जोडलेलं हवंच हवं.

---

मोजपट्टी

दोघांचेही आभार. चिऱ्याचं_घर, तुम्ही सांगितलं त्याला सरकारी अंदाजपत्रकात 'लीड' आणि 'लिफ्ट' म्हणतात. माल किती लांबून आणायचा आणि किती उंच चढवायचा, याचा वेगळा दर असतो. खासगी कामात हे कोणी लिहीत नाही. दुसऱ्या मजल्यावर विटा चढवायची मजुरी तळमजल्याइतकीच धरतात आणि मग गवंडी अडून बसला की नवल करतात.

---

मस्कतहून

धाग्याबद्दल धन्यवाद, अगदी वेळेवर आला. कराडजवळ गावी घर बांधतोय, धाकटा भाऊ बघतो. तो मागेल तसे पैसे पाठवतो. त्याच्यावर पूर्ण भरवसा आहे, तो शेती सांभाळून हे करतोय. पण ठरवलेल्या रकमेतले निम्म्याहून जास्त गेले आणि फोटोत फक्त कॉलम उभे दिसतात. भावाला हिशेब मागितला तर त्याला वाईट वाटेल, न मागावा तर माझा जीव टांगणीला. काय विचारू आणि कसं?

---

मोजपट्टी

मस्कतहून, यात भावाला वाईट वाटण्यासारखं काही नाही. "किती खर्च झाला" असं विचारूच नका, त्याने माणूस बिचकतो. तीन आकडे मागा.

एक, झालेलं काम. खोदाई किती, फुटिंग किती, जोत्याचे बीम किती फूट, कॉलम किती. हे फोटोत दिसत नाही, कारण बरंचसं जमिनीखाली गेलंय. चांगली जमीन असेल तर जोत्यापर्यंत एकूण खर्चाच्या साधारण १२ ते १५ टक्के जातात, काळ्या मातीत त्याहून बरेच जास्त.

दोन, साइटवर पडून असलेला माल. भाव वाढतील म्हणून पूर्ण घराची सळई एकदम घेतली असेल, विटांचा ट्रक उतरला असेल, तर पैसे गेलेत पण ते तिथेच आहेत.

तीन, ठेकेदाराकडे आणि माल देणाऱ्यांकडे असलेली उचल. बयाणा म्हणून दिलेले, सणाला दिलेले, ज्यांचं काम अजून झालेलं नाही असे.

या तिन्हींची बेरीज तुम्ही पाठवलेल्या रकमेच्या जवळ आली पाहिजे. आली तर काळजी नाही, फक्त पैसे आधी गेलेत आणि काम मागून येतंय. मग उरलेल्या कामाचा अंदाज नव्याने करा. बेरीज जुळली नाही तर बहुतेक वेळा एखादी उचल लिहायची राहिलेली असते. भावाला सांगा की बँकेसाठी लागतंय, आणि हे खोटंही नाही, बँकेचा मूल्यांकन करणारा हेच बघतो.

यापुढे टप्प्याने पाठवा. जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची आडवी पट्टी), स्लॅब, विटकाम, गिलावा, फरशी, रंग. प्रत्येक टप्पा मोजून झाला की पुढचे.

---

सुमन_जमाखर्च

मोजपट्टी सरांनी उचलीचं लिहिलं ते शंभर टक्के खरं. आमच्या घराचं बांधकाम झालं तेव्हा वही मी सांभाळली, ती पद्धत सांगते. मी सहकारी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, त्यामुळे सवय होती.

मोठी वही घेतली आणि पानं बाबींना वाटून दिली. तारखेवार लिहिलं नाही. सिमेंटचं पान वेगळं, सळईचं वेगळं, वाळू-खडी, विटा, गवंडी, सेंट्रिंग, प्लंबर, लाइट फिटिंग, पाणी आणि क्युअरिंग (काँक्रीट-विटकाम ओलं ठेवणं), किरकोळ. प्रत्येक पानावर सगळ्यात वर अंदाजपत्रकातलं परिमाण आणि रक्कम लाल शाईने. खाली येईल तशी नोंद: तारीख, चलन नंबर, किती नग किंवा किती ब्रास, रक्कम, दिले किती, राहिले किती. दर शनिवारी मजुरांचा चुकारा झाला की बेरीज मारायची.

याचा फायदा असा की विटकाम निम्मं झालं तेव्हाच दिसलं की विटांच्या पानावर तीन चतुर्थांश विटा उतरल्यात. मोजपट्टी घेऊन बघितलं तर एका खोलीच्या आतल्या ४ इंची भिंती गवंड्याने ९ इंची घेतल्या होत्या. नकाशात आकडा अस्पष्ट होता. त्याच दिवशी थांबवलं. पूर्ण झाल्यावर कळलं असतं तर काहीच करता आलं नसतं.

आणि ताई-वहिनींनो, चलनावर सही करण्याआधी माल मोजून घ्या. ड्रायव्हर घाई करतो, करू दे.

---

सेंट्रिंगवाला

मी सेंट्रिंगचं काम घेतो, बारकी ठेकेदारी पण करतो. वर सगळं मालकाच्या बाजूनं आलंय, आमची पण बाजू ऐका.

मालक एक नकाशा दाखवून भाव ठरवतो. काम चालू झालं की घरातली मंडळी येतात. किचनचा दरवाजा इकडं घ्या, संडास वास्तूप्रमाणं तिकडं घ्या. भिंत पाडायची, परत बांधायची. विटा मालकाच्या, पण माझ्या चार माणसांचा दिवस गेला तो कुणाचा? मागितला तर म्हणतात ठरल्यापेक्षा जास्त मागतो. आता मी जादा कामाची वही ठेवतो. मालकानं सांगितलेला बदल, तारीख, माणसं किती, आणि खाली मालकाची सही. सहीशिवाय हात लावत नाही.

दुसरं, स्लॅबच्या खालच्या टेकूबद्दल. मालकाला वाटतं मी सेंट्रिंगच्या प्लेटा लवकर काढत नाही म्हणून पुढचं काम अडतंय. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला टेकू कमीत कमी ७ दिवस, त्यापेक्षा मोठ्या गाळ्याला १४ दिवस, ६ मीटरपेक्षा लांब बीमला २१ दिवस. हे आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या सरकारी मानकात आहे, इंजिनिअर साहेबांनी मला लिहून दिलंय, कागद साइटवर लावतो. त्या दिवसांचं प्लेटांचं भाडं तुमच्या अंदाजात धरा. घाई करून टेकू काढायला लावू नका.

---

मोजपट्टी

सेंट्रिंगवाला दादा, तुमची जादा कामाची वही प्रत्येक मालकाने स्वतःहून ठेवावी अशी आहे. आणि टेकूचे दिवस साध्या सिमेंटचे आहेत. पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) वापरलं तर डिझायनर अजून थोडे वाढवतो, क्युअरिंगही ७ ऐवजी किमान १० दिवस हवं.

बदल करायचेच असतील तर ते कागदावर असताना करा. नकाशा घरातल्या सगळ्यांपुढे ठेवा, खडूने प्लॉटवर खोल्या आखा, पलंग-कपाट कुठे बसेल ते बघा, वास्तूवाल्यांनाही तेव्हाच बोलवा. एक महिना जाईल, जाऊ दे. त्या महिन्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. जोतं झाल्यावर प्रत्येक बदलाला पैसे लागतात, स्लॅब झाल्यावर तिपटीने लागतात.

---

निवृत्त_शाखा_अभियंता

सार्वजनिक बांधकाममध्ये नोकरी झाली. सरकारी पद्धतीवर लोक टीका करतात, पण तिच्यातल्या तीन गोष्टी घर बांधणाऱ्याने उचलाव्यात. दरसूची (बाबवार दरांची यादी), मोजमाप पुस्तिका (झालेलं काम मोजून लिहायची वही) आणि ठेकेदाराच्या बिलातून राखून ठेवलेली रक्कम. राज्याची दरसूची संकेतस्थळावर मिळते, कुठल्या बाबीत काय काय अंतर्भूत आहे याची वाक्यं तिच्यात तयार असतात. दर तुमच्या गावाला लागू पडणार नाहीत, पण ती वाक्यं करारात उतरवून घ्या. निम्मे वाद तिथेच संपतात.

बाकी अंदाज का बुडतात, याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण विदर्भातलं गोसीखुर्द. १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा किंमत ३७२ कोटी. राजीव गांधींच्या हस्ते १९८८ ला भूमिपूजन. २००९ ला राष्ट्रीय प्रकल्प झाला. सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या पुढे गेली. भूसंपादन, पुनर्वसन, बदललेली व्याप्ती आणि सगळ्यात मुख्य म्हणजे लांबलेली वर्षं. काम थांबलं तरी दर थांबत नाहीत. आमच्या शाखेत जुनं अंदाजपत्रक नव्या दरसूचीवर चढवायचं काम कायम चालायचं. परिमाण तेच, रक्कम वेगळी. घराच्या बाबतीतही पैसे पूर्ण जमेपर्यंत थोडं थोडं बांधू, असं म्हणणाऱ्यांना माझा सल्ला आहे की खोल्या कमी करा, पण घेतलेलं काम एका हंगामात पुरं करा.

---

नवे_घर

खूप शिकायला मिळतंय. आमचं अजून ठरत नाहीये, मटेरियलसह पूर्ण ठेका द्यावा की नुसता मजुरीचा? दोघंही नोकरीला, साइटवर रोज जाणं अशक्य. जीएसटीचं काय?

---

एकहाती

नोकरी असेल तर मटेरियलसह ठेकाच द्या. आम्ही तसंच केलं, दर थोडा जास्त पडला पण सिमेंटच्या दुकानात उभं राहावं लागलं नाही. वाळू उतरवून घ्यायला रजा टाकायची म्हटली तर तीही किंमतच आहे. वर सगळे मजुरी ठेक्याच्या बाजूचे दिसले म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

मोजपट्टी

एकहाती यांचं म्हणणं मला पटतं. स्वतःच्या वेळेची किंमत धरलीच पाहिजे. फक्त मटेरियलसह ठेका असेल तर करारात सिमेंटची कंपनी आणि प्रकार, सळईची प्रत (एफई ५००डी), टाइल्सची चौरस फुटाची मूळ किंमत, वायर आणि नळ कुठल्या बनावटीचे, हे सगळं नावानिशी हवं. "चांगल्या प्रतीचे" या शब्दांना करारात काही अर्थ नाही.

जीएसटीबद्दल: स्वतःच्या एकट्या घराचं नुसत्या मजुरीचं कंत्राट जीएसटीमुक्त आहे. मटेरियलसह दिलं तर ठेकेदार नोंदणीकृत असल्यास पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतो. म्हणून दर विचारताना "करासह की कराशिवाय" हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. त्याआधीचं अंदाजपत्रक हातात असेल तर सिमेंटचं पान पुन्हा करा.

---

मस्कतहून

मोजपट्टी सर, भावाला तीन आकडे विचारले. सळई पूर्ण घराची घेऊन ठेवलीय आणि विटांसाठी भट्टीवाल्याला बयाणा दिलाय. बेरीज जवळजवळ जुळली. त्यालाच बरं वाटलं, म्हणाला आता मीही वही घालतो. अजून एक, सळई बरोबर वजनाची आली का हे त्याने कसं बघावं? आणि वाळू?

---

मोजपट्टी

छान झालं. सळईचं असं बघा. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरला किती किलो ते येतं. १२ मिमीची सळई मीटरला ०.८९ किलो, १२ मीटरची अख्खी सळई साधारण १०.७ किलो. काट्याची पावती घ्या, आणि साइटवर सळया नगावर मोजून गुणाकार करा. १२ आणि १६ मिमीला ५ टक्के, ८ आणि १० मिमीला ७ टक्के इकडेतिकडे मान्य आहे. त्याहून हलकी निघाली तर तुम्ही वजनाने पैसे दिलेत म्हणून नुकसान नाही असं समजू नका. सळई बारीक आहे, म्हणजे कॉलममध्ये डिझाइनपेक्षा कमी लोखंड जाणार. परत पाठवा.

वाळू ब्रासवर येते, १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत मोजा, गुणाकाराला १०० ने भागा. मधे ढीग आणि कडेला खळगे असतात, म्हणून फावड्याने सपाट करून मोजा. वाळू दमट असेल तर ती फुगलेली असते. काचेच्या उभ्या बरणीत ओली वाळू सैल भरा, उंची मोजा. बाहेर काढून बरणीत निम्मं पाणी घ्या, तीच वाळू परत घालून ढवळा आणि बसू द्या. २० सेंटिमीटरची १६ झाली तर २५ टक्के फुगवटा होता. चार ब्रासचे पैसे देऊन ३.२ ब्रासच मिळाली. क्रश सँडलाही (दगड भरडून केलेल्या वाळूलाही) हे लागू आहे.

---

नवे_घर

शेवटचा प्रश्न. अनपेक्षित खर्चासाठी किती बाजूला ठेवायचे? आणि ठेकेदाराचे किती राखून ठेवायचे?

---

मोजपट्टी

सरकारी अंदाजात ३ ते ५ टक्के धरतात, कारण तिथे नकाशे पक्के असतात. घराला जमीन बघितली असेल आणि नकाशा पक्का असेल तर ७-८ टक्के, नाहीतर १० च्या खाली येऊ नका. आणि ही रक्कम फक्त जमिनीत, भावात किंवा निसर्गात काही अचानक निघालं तर. महागडी टाइल आवडली, झुंबर आवडलं, तर ते या पैशातून नको. बँक टप्पा झाल्यावर पैसे सोडते, त्यामुळे एका टप्प्याइतके पैसे स्वतःजवळ रोख हवेतच.

ठेकेदाराच्या प्रत्येक चालू बिलातून ५ टक्के राखा आणि पहिला पावसाळा गेल्यावर द्या. गच्ची गळते का, बाथरूमच्या भिंतीला ओल येते का, खिडकीखालून पाणी आत येतं का, हे पावसाशिवाय कळत नाही. कराराच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा, "३१ ऑक्टोबरला गच्ची तपासून राखीव रक्कम अदा", आणि ठरल्या दिवशी ती त्याला न मागता द्या.